मुसळाची खुंटी

तानपुऱ्याची खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या तारेची, खुंटी मोडली, तीही तारेच्या भोकापाशी. खुंटी मोडली तर बहुतेक तिथंच मोडते. मिरजेला फोन लावला. कारागीर म्हणाले, "खुंटी देईन हो, पण बसवणार कोण? तानपुरा घेऊन या." प्रत्येक खुंटी आपापल्या भोकात घासून घासून बसवलेली असते, शेजारच्या घरात ती नांदत नाही. आता मंगळवेढ्याकडचा तो भलाथोरला भोपळा मांडीवर घेऊन डोंबिवलीहून एसटीनं मिरज गाठायची, तर कंडक्टर त्याचं अर्धं मागणार की पूर्ण? त्यापेक्षा घरीच करतो, असं मी जाहीर केलं. कुणी हसलं नाही. ते जास्त लागलं.

खुंट्या बहुधा शिसवीच्या. घरात शिसवीचा पाट एकच. "त्याला हात लावून तर बघ," आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली. राहिलं माळ्यावरचं खैराचं मुसळ, मिक्सर आल्यापासून सेवानिवृत्त. पानातला कात निघतो तो खैराच्याच गाभ्यातून. त्यामुळे करवत चालवली की तांबूस भुसा पडतो. बाल्कनीतून तो उडाला आणि खालच्या काकू "वरून थुंकतं कोण?" विचारत जिना चढून आल्या.

लाकूड असं कठीण, की कानसच झिजावी. शिवाय खुंटीकडून अपेक्षा काय, तर पिळली की फिरावी आणि सोडली की हलू नये. एवढे गुण पत्रिका जुळवतानाही कुणी मागत नाही. तिचा उतार भोकाच्या उताराशी जुळला पाहिजे. म्हणून तिला खडू फासायचा, भोकात फिरवायची, काढायची. जिथं खडू दबून चकाकतो तिथं लाकूड अडतंय, तेवढंच घासायचं. पुन्हा खडू. बुडाशी घासावं तर टोकाला अडते, टोकाला घासावं तर सगळीच डुगडुगते. मध्येच बाबा येऊन "खुंटी हलवून बळकट करावी" म्हणाले. हलवली. हातात आली.

अखेर बसली. तीन काळ्या शिसवी बहिणींमध्ये ही तांबडी. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं म्हणतात. आमच्यापुरतं ते तीनचतुर्थांश समजावं. पण खर्ज लागला, तारा टेकतात त्या घोडीवर, नाद घुमवणारा जवारीचा दोरा सरकवला आणि काय घुमला! आईसुद्धा पोळी तव्यावर ठेवून डोकावली.

मग जुलै आला. दमट हवेत लाकूड फुगलं आणि खुंटी जी अडली ती काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराच्या, किंचित वर. सूर बारीक जुळवायचा तारेतला मणी सरकवून फरक पडेना, पक्कड लावायची छाती होईना. शेवटी उरलेल्या तीन तारांनाच वर चढवून तिच्याशी जुळवून घ्यायला लावलं.

गुरुजींनी बसल्या बसल्या विचारलं, "आज पट्टी कुठली रे?"

म्हटलं, "खैराची. दिवाळीनंतर उतरेल."