जपानमधील शिक्षकांचा मान: एका फिरत्या मेसेजला उत्तर

दरवर्षी 5 सप्टेंबर जवळ आला की एक मेसेज मराठी ग्रुपांवर नव्याने फिरू लागतो. त्यात एक भारतीय माणूस आपल्या जपानी सहकाऱ्याला विचारतो की तुमच्याकडे शिक्षक दिन कधी असतो, आणि सहकारी उत्तर देतो की आमच्याकडे तसा दिवसच नाही, कारण प्रत्येक दिवस शिक्षकांचाच असतो. पुढे सांगितले जाते की ट्रेनमध्ये शिक्षकांसाठी राखीव जागा असतात, कोटावरचा बिल्ला पाहून वृद्धही उठून जागा देतात, शिक्षकांसाठी सवलतीची वेगळी दुकाने असतात आणि सम्राटापुढे न वाकण्याची मुभा देशात केवळ शिक्षकांना असते. अलीकडे शेवटी आणखी एक ओळ जोडली जाते: परदेशातून आलेल्या शिक्षकालाही तिथे डोक्यावर घेतात. मी जपानमधील एका सरकारी माध्यमिक शाळेत इंग्रजीचा सहायक शिक्षक आहे, आणि हा मेसेज मला नात्यातल्याच निवृत्त शिक्षकांकडून मोठ्या प्रेमाने येतो. त्या प्रेमाची मला कदर आहे, म्हणूनच उत्तर नीट द्यावेसे वाटते.

पहिले विधान अर्धे खरे आहे. जपानमध्ये शिक्षक दिन साजरा होत नाही. आपल्याकडे 1962 पासून डॉ. राधाकृष्णन यांच्या जन्मदिनी तो सुरू झाला, तिथे तशी प्रथा रुजली नाही, इतकेच. 'रोजच शिक्षकांचा दिवस' हे स्पष्टीकरण मी एकाही सहकाऱ्याच्या तोंडून ऐकलेले नाही.

ट्रेनमध्ये राखीव जागा खरोखरच असतात, पण त्या शिक्षकांसाठी नसतात. 15 सप्टेंबर 1973 रोजी, ज्येष्ठांच्या सन्मानाच्या सुटीच्या दिवशी, तत्कालीन राष्ट्रीय रेल्वेने टोक्योच्या चुओ मार्गावर 'सिल्व्हर सीट' सुरू केल्या. आज त्यांना 'यूसेन्सेकी', म्हणजे प्राधान्याच्या जागा, म्हणतात आणि त्या वृद्ध, अपंग, जखमी, गर्भवती आणि तान्ही मुले सोबत असलेल्या प्रवाशांसाठी असतात. बिल्लाही दिसतो, पण तो गर्भवती स्त्रियांचा, किंवा बाहेरून न दिसणारा आजार अथवा अपंगत्व असलेल्यांसाठी लाल रंगाचा, पांढरे अधिक चिन्ह आणि हृदय असलेला. मेसेज लिहिणाऱ्याने असेच काही पाहून चुकीचा अर्थ लावला असावा, असा माझा अंदाज आहे. सत्तरीच्या गृहस्थाने उठून चाळिशीच्या शिक्षकाला जागा दिली, तर तो शिक्षक संकोचाने पुढच्या स्टेशनवर उतरून जाईल.

सवलतीच्या दुकानांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. सरकारी शाळांतील शिक्षकांची परस्पर साहाय्य संघटना आहे, तिची स्वतःची निवासस्थाने आहेत आणि सभासदांना तिथे सवलत मिळते; पण इतर सरकारी कर्मचाऱ्यांच्याही अशा संघटना आहेत. ती नोकरीतील सोय आहे, गुरुदक्षिणा नव्हे.

सम्राटाबद्दलचे विधान मात्र इतिहासाला थेट उलटे करणारे आहे. 1890 मध्ये मेइजी सम्राटाच्या नावाने शिक्षणविषयक आज्ञापत्र काढण्यात आले आणि ते शाळाशाळांतून समारंभपूर्वक वाचले जाऊ लागले. 9 जानेवारी 1891 रोजी टोक्योतील एका नामांकित सरकारी विद्यालयात अशाच समारंभात उचिमुरा कान्झो नावाचे शिक्षक सम्राटाची सही असलेल्या त्या पत्रापुढे पुरेसे वाकले नाहीत. ते ख्रिस्ती होते आणि कागदाला पूजेसारखे वंदन करणे त्यांच्या श्रद्धेत बसत नव्हते. त्यावरून देशभर गदारोळ उठला आणि त्यांची नोकरी गेली. ज्या देशात न वाकल्याबद्दल शिक्षकाला अशी किंमत मोजावी लागली, त्याच देशाच्या नावावर ही मुभा खपवली जाते, याचे मला मनापासून दुःख होते.

या सगळ्या विधानांच्या मागे एक मोठे गृहीतक आहे, ते असे की जपानी समाज शिक्षकाला जपतो. आदराचे शिष्टाचार आहेत, हे मी रोज अनुभवतो: तासाच्या सुरुवातीला आणि शेवटी वर्ग उठून वाकतो, आणि 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, या शब्दाला वजन आहे, जरी तो डॉक्टर, वकील आणि आमदार-खासदारांनाही लावला जातो. पण जपणे म्हणजे वेळ आणि मोबदला देणे असेल, तर चित्र वेगळे आहे. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या 2018 च्या पाहणीत जपानमधील माध्यमिक शिक्षकांचा कामाचा आठवडा 56 तासांचा होता, सहभागी देशांत सर्वांत लांब; सरासरी 38.3 तासांची होती. त्या 56 तासांत प्रत्यक्ष शिकवणे 18 तासच होते. उरलेला वेळ बैठका, कागदपत्रे, पालकांचे फोन आणि 'बुकात्सु', म्हणजे शाळेनंतरचे आणि सुटीच्या दिवसांतलेही खेळ व छंदांचे वर्ग, यांत जातो. वर्गातच मुलांसोबत 'क्यूशोकु', म्हणजे शाळेतले दुपारचे जेवण, खाताना शिक्षक वाढप पाहतात, ॲलर्जी असलेल्या मुलाचे ताट तपासतात आणि त्यातच आपले जेवण घाईने उरकतात. जादा तासांचा वेगळा पगार नाही, कारण 1971 च्या कायद्याने त्याऐवजी मूळ पगाराच्या 4 टक्के रक्कम ठरवली, आणि ती 1966 च्या पाहणीवर, म्हणजे महिन्याला सुमारे 8 तासांच्या जादा कामावर, बेतलेली होती. 2025 मध्ये हा कायदा बदलून ती टप्प्याटप्प्याने 10 टक्क्यांवर नेण्याचे ठरले. दरम्यान 2021 च्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी सरकारी शाळांत 2,558 शिक्षक कमी होते. माझे काम सव्वाचारला संपते आणि मी 'ओसाकी नि शित्सुरेई शिमासु', म्हणजे तुमच्या आधी निघतो याची क्षमा असावी, असे म्हणून शिक्षक-खोलीतून बाहेर पडतो, तेव्हा जवळपास सगळ्या खुर्च्या भरलेल्या असतात.

राहिली परदेशी शिक्षकाची गोष्ट. 1991 पासून परदेशी नागरिकांना देशभरातील सरकारी शाळांत कायमची नेमणूक मिळू शकते, परंतु बहुतेक प्रांतांत ती 'व्याख्याता' या पदावर, ज्यावरून मुख्याध्यापकपदापर्यंत जाता येत नाही. आपले योगेंद्र पुराणिक 2023 मध्ये इबाराकी प्रांतातील सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले, ही अभिमानाची गोष्ट आहे; पण त्याआधीच त्यांनी जपानचे नागरिकत्व घेतले होते. आमच्यासारखे सहायक शिक्षक बहुधा वर्षावर्षाच्या करारावर असतात, आणि अनेकांची नेमणूक शाळेची नसून मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीची असते. पुण्यात जपानी शिकणारे जे तरुण या मेसेजच्या भरवशावर मला विचारतात, त्यांनी करारावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: मालक शिक्षण मंडळ आहे की कंपनी, सामाजिक विमा पूर्ण भरला जातो का, आणि शाळा बंद असलेल्या ऑगस्टमध्ये पगार किती मिळतो.