नळी पुढं, तोंड कुठंबी

कोल्हापुरात माणसाला एकटं सोडणं हा त्याचा अपमान समजतात. दवाखान्याच्या बाकावर, सलूनमध्ये, अगदी आरटीओच्या रांगेतसुद्धा शेजारचा माणूस "कुठलं म्हणायचं पाव्हणं?" असं विचारतोच, आणि आपला नंबर लागेपर्यंत त्याच्या धाकट्या मेव्हण्याचा पगार आपल्याला पाठ झालेला असतो. नेमबाजीच्या रेंजवर याच्या बरोबर उलटा कायदा. तिथं शेजाऱ्याशी बोलायचं नाही, त्याच्याकडं टक लावून बघायचं नाही, त्याच्या वस्तूला हात लावायचा नाही आणि त्याला किती गुण पडले हे तर मुळीच विचारायचं नाही. आम्ही ज्याला माणुसकी म्हणतो, ते सगळं तिथं वर्ज्य. या दोन संस्कृतींच्या मधल्या मीटरभर रुंद लेनमध्ये मी रोज संध्याकाळी पिस्तूल घेऊन उभा असतो.

तसं बघायला गेलं तर नेमबाजी कोल्हापूरला नवी नाही. तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतनं 2018 च्या एशियाडमध्ये सुवर्ण मारलं. पण 1 ऑगस्ट 2024 ला राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य घेतलं आणि नेम हा आपल्या पाण्यातच आहे, असं अख्ख्या जिल्ह्याचं ठरलं. पाणी मीही तेच पितो. म्हणून दहा मीटर एअर पिस्तूलच्या हौशी बॅचमध्ये नाव घातलं. माझ्या उजव्या लेनमध्ये एक कॉलेजची मुलगी आली. डाव्या लेनमध्ये आबा आले.

आबांचं आयुष्य मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यात गेलं. आवाज तिथला, आपुलकी मंगळवार पेठेतली. तरुणपणी तालमीत घुमलेले असल्यामुळं खेळ म्हणजे दोघं लढणार आणि हजारो ओरडणार, ही त्यांची पक्की समजूत. त्यांची तरी काय चूक? खासबागेत ओरडल्याशिवाय कुस्ती पुढं सरकत नाही आणि शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या मॅचला गप्प बसलेला माणूस दुसऱ्या पेठेचा हेर समजला जातो. अशा गावात एक खेळ असा निघावा की ज्यात बघणाऱ्यानं खोकलासुद्धा गिळायचा!

एअर पिस्तूलचं तंत्र सांगायला सोपं आहे. हात वर उचलायचा, श्वास सोडत सावकाश खाली आणायचा, काळ्या गोलाखाली साइट, म्हणजे पिस्तुलावरची नेम धरायची खूण, जुळवायची आणि ट्रिगर असा दाबायचा, की तो कधी सुटला हे आपल्यालाही कळू नये. ज्या वर्तुळाला दहा गुण, त्याचा व्यास 11.5 मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा. ते बटण दहा मीटरवरनं फोडायचं. हात काही सेकंदांत स्थिरावला नाही, तर हट्ट न करता पिस्तूल खाली घ्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. हे खाली घेणं शहाणपणाचं लक्षण आहे, असं कोच सांगतात. आबांना ते आजारपणाचं लक्षण वाटतं.

"का रं मर्दा? उडवली न्हाईस?"

"आबा, हात हलत होता."

"जेवला न्हाईस काय दुपारी?"

हा संवाद दर चार-पाच शॉट्सनंतर होतो. दुपारी काय जेवलो हे सांगितल्यावर ते कुणी केलं होतं, तिचं माहेर कुठलं, आणि त्या गावातले अमुक पाटील तिचे कोण लागतात, असा प्रवास सुरू होतो. स्पर्धेत साठ शॉट्सना 75 मिनिटं मिळतात. तेवढ्या वेळात आबांचं एक नातं जुळून होत नाही.

बरं, उत्तर न द्यावं तर वडीलधाऱ्या माणसाचा अवमान. उत्तर द्यावं तर त्याहून मोठा गुन्हा घडायची भीती. कारण आपल्याकडं मोठ्या माणसानं विचारलं की त्याच्याकडं वळून, तोंड समोर करून बोलायचं असतं. आबा स्वतः ही रीत काटेकोर पाळत. कुणी हाक मारली की ते अख्खे वळायचे, आणि हातात पिस्तूल असलं तर तेही मोठ्या अदबीनं वळायचं. एकदा ते असे वळले आणि पलीकडच्या चार लेनमधली मंडळी न सांगता खाली बसली. कोचनी त्या दिवशी जो आवाज लावला, तो यार्डातसुद्धा खपला असता. शेवटी आबांना कळेल अशा भाषेत कायदा सांगितला गेला : "आबा, नळी पुढं. तोंड कुठंबी करा." तेव्हापासून ते नळी टार्गेटकडं ठेवून मान तेवढी माझ्याकडं फिरवतात. रेंजच्या सुरक्षिततेचा प्रश्न मिटला. माझा तसाच राहिला.

त्यांच्यापासून डोळा तरी वाचवावा म्हणून मी ब्लाइंडर आणला. डोक्याच्या बाजूला लावायची ही पट्टी, शेजारची हालचाल दिसू नये म्हणून. पण नियमानं ती 40 मिलिमीटरपेक्षा मोठी चालत नाही. नियम करणाऱ्यांनी शेजारी म्हणून एखादा सडपातळ युरोपियन डोळ्यांपुढं ठेवला असणार. आबांना झाकायला दाराचा पडदा लागला असता. पुन्हा त्यांनी मायेनं चौकशी केलीच, "डोळ्याला काय झालंय?" दुसऱ्या दिवशी गुलाबपाण्याची बाटली माझ्या टेबलावर.

टेबलाचंही तेच. शेजाऱ्याच्या हत्याराला न विचारता हात लावू नये, हा जगभरचा शिरस्ता. आबा ते उचलून, तळहातावर तोलून "किलोभर असंल की" असं सांगतात. अंदाज अचूक असतो, हे मान्य. पेलेटच्या, म्हणजे शिश्याच्या छऱ्यांच्या, डबीतून चार पेलेट उसने घेतात, आणि शिश्याच्या त्याच बोटांनी कागदातलं भडंग पुढं करतात. शिसं हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय खायचं नाही, हे भिंतीवर लिहिलेलं आहे. पण जयसिंगपूरचं ताजं भडंग नाकारायची सोय भिंतीवर कुठं लिहिलेली नाही. मी उपास सांगतो. आठवड्यातल्या सगळ्या वारांना माझा कुठला ना कुठला देव आहे, असा आबांचा समज झालेला असून ते माझ्या भक्तीबद्दल बाहेर चांगलं बोलतात.

मोबाइलचा विषय मी एकदाच काढला. त्यांच्या फोनवर हलगी वाजते, तीही ऐन कडकडाटात. बंद ठेवा म्हटल्यावर आबांनी नातवाकडून माहिती काढून आणली, की मोठ्या स्पर्धांच्या फायनलला आता मुद्दाम संगीत वाजवतात. दुर्दैवानं हे खरं आहे. तेव्हापासून हलगी हा माझ्या फायनलच्या तयारीचा भाग आहे.

या सगळ्या काळात उजवीकडची मुलगी माझ्याशी अवाक्षर बोललेली नाही. येते, मान हलवते, किट उघडते ते आवाज न करता. माझा हात वर असेल तर डबीचं झाकणसुद्धा लावायची थांबते. सुरुवातीला मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं असावं. बायकोलाही तेच वाटलं. हळूहळू कळलं की इतक्या आदरानं मला आजवर कुणीच वागवलेलं नाही.

ती पहिल्यांदा बोलली ते क्रॉसफायरच्या, म्हणजे एकाचा शॉट दुसऱ्याच्या टार्गेटवर जाण्याच्या, दिवशी. दहा शॉट्सचं माझं कार्ड पुलीवरनं जवळ आलं आणि त्याला भोकं निघाली अकरा. त्यातलं एक मधोमध, निखळ दहा. आबांच्या कार्डावर नऊ. हातात पिस्तूल नसल्याची खात्री करून आबा माझ्याकडं पूर्ण वळले.

"त्यो माझा."

"कशावरनं?"

"तुझा कसा असंल?"

मुद्दा बिनतोड होता. पण मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, दुसऱ्याच्या टार्गेटवर गेलेला शॉट मारणाऱ्याला शून्य धरतात. आणि कुठला कुणाचा हे ठरत नसेल, तर त्यातला सगळ्यात चांगला ज्याचं कार्ड आहे त्याला देतात." इतका दिलदार नियम कोल्हापूरबाहेर कुणाला सुचला कसा, याचंच मला नवल वाटलं. आबांचा चेहरा पडला, म्हणून तिनं मॅथ्यू एमन्सची गोष्ट सांगितली. 2004 ची अथेन्स ऑलिंपिक, आपल्या स्वप्नीलचाच प्रकार, पन्नास मीटर रायफल थ्री पोझिशन. अमेरिकेचा एमन्स पहिल्या नंबरावर, शेवटची गोळी उरलेली. ती त्यानं शेजारच्याच्या टार्गेटवर मारली आणि सुवर्ण सोडून थेट आठव्या नंबरावर आला. त्या संध्याकाळी चेक प्रजासत्ताकाची नेमबाज कातेरिना कुर्कोवा त्याचं सांत्वन करायला गेली. 2007 मध्ये दोघांचं लग्न झालं.

आबा बराच वेळ विचारात पडले. मग कार्ड माझ्या हातात देत म्हणाले, "ऱ्हाऊ दे तुला. माझं लगीन झालंय."

दहा माझ्या नावावर लागला. पण आबांनी तो फुकट सोडला असं कुणी समजू नये. रात्री गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर ते भेटले. भोवती पाच-सहा जण, हातात धारोष्ण दुधाचे ग्लास. मला बघताच आबांनी यार्डातला आवाज काढून माझी ओळख करून दिली :

"हे आमच्या शेजारच्या लेनचं. देवभोळा माणूस. आजवर एकच धा मारलाय, त्यो पण माझाच हाय. पैसं ह्यांच्याकडनं घ्या."