मळमळ म्हणजे चरबी वितळणे नव्हे

गेल्या दोन महिन्यांत एकच संदेश मला चार वेगवेगळ्या ग्रुपांवरून आला. "पोळी-भात सोडा, तूप-पनीर-चीज हवे तेवढे खा, चाळीस दिवसांत पंधरा किलो उतरवा" असा त्याचा मथळा असून खाली सात मुद्दे आहेत. पहिल्या तीन वेळी मी तो न वाचताच पुसून टाकला. चौथ्या वेळी तो सांगलीच्या आत्याकडून आला आणि खाली तिने लिहिले होते, "मी सोमवारपासून सुरू केले आहे." आत्या चौसष्ट वर्षांची आहे, तिला बारा वर्षांपासून मधुमेह आहे आणि ती रोज सकाळी ग्लिमेपिराइड आणि डापाग्लिफ्लोझिन अशा दोन गोळ्या घेते. त्याच आठवड्यात शुक्रवारी पहाटे चार वाजता ती घामाने निथळत, हातपाय थरथरत उठली. नातीने बोट टोचून साखर पाहिली, तर ५४. पाण्यात साखर ढवळून पाजली म्हणून निभावले. म्हणून आता हा संदेश नीट वाचला असून त्याला उत्तर देणे भाग आहे.

सातांपैकी सर्वांत घातक मुद्दा पाचवा. तो असा: "ही पद्धत सर्वांना चालते, डॉक्टरांना विचारत बसू नका. पहिल्या आठवड्यात मळमळ, थकवा, अशक्तपणा आला तर घाबरू नका, ती चरबी वितळत असल्याची खूण आहे."

ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. ताटात भात आहे की नाही, हे तिला कळत नाही. आत्याच्या डॉक्टरांनी तिचा डोस ठरवला तो दोन वेळच्या पोळी-भाताचा हिशेब धरून. तिने भात आणि पोळी दोन्ही एका दिवसात बंद केली आणि गोळी मात्र नेमाने चालू ठेवली. पहाटेच्या ५४ मध्ये कोणतेही गूढ नाही. कर्बोदके कमी करून मधुमेह आटोक्यात आणता येतो, कित्येकांच्या गोळ्याही कमी होतात, हे मला मान्य आहे. परंतु जे डॉक्टर हे करून घेतात ते आधी गोळ्यांचा विचार करतात आणि मग भाताचा. संदेश लिहिणाऱ्याने तो पहिला भागच गाळला आहे.

दुसऱ्या गोळीची गोष्ट अधिक गंभीर आहे. डापाग्लिफ्लोझिन मूत्रपिंडावाटे साखर लघवीतून बाहेर टाकते. २०२० मध्ये भारतात तिचे मूळ पेटंट संपले, किंमत एकदम उतरली आणि आज ती मध्यमवर्गीय घरांतल्या औषधांच्या डब्यांत सर्रास सापडते. या गोळीवर असलेल्या माणसाने कर्बोदके जवळजवळ शून्यावर आणली, तर शरीरातले इन्सुलिन खाली जाते, यकृत चरबीपासून कीटोन नावाची आम्लधर्मी द्रव्ये तयार करू लागते आणि काही जणांत ते इतके साचतात की रक्त आम्लयुक्त होते. या अवस्थेला कीटोॲसिडोसिस म्हणतात. मधुमेहातल्या नेहमीच्या कीटोॲसिडोसिसमध्ये साखर तीनशे-चारशेवर गेलेली दिसते आणि घरचे लोक धावपळ करतात. येथे साखर लघवीतून निघून जात असल्याने यंत्रावर दीडशे-पावणेदोनशेच दिसू शकते आणि सगळे निर्धास्त राहतात. हे वारंवार घडत नाही, परंतु घडते तेव्हा माणूस अतिदक्षता विभागात जातो. आणि त्याची पहिली लक्षणे कोणती? मळमळ, थकवा, अशक्तपणा, मग उलट्या, पोटदुखी आणि धाप. म्हणजे ज्या क्षणी रुग्णालय गाठायला हवे, नेमक्या त्याच क्षणी हा संदेश "चरबी वितळते आहे, घाबरू नका" असे सांगून माणसाला घरी बसवतो. एवढे बेजबाबदार वाक्य मी अलीकडे वाचलेले नाही.

आता मथळ्यातले पंधरा किलो. एक किलो चरबीत ढोबळमानाने ७,७०० कॅलरी असतात. पंधरा किलोंना चाळीस दिवसांत वाटले तर रोज सुमारे २,९०० कॅलरींची तूट हवी. आत्या दिवसभरात जे खाते ते सगळे मिळून सोळाशेच्या पलीकडे जात नाही. तिने निर्जळी एकादशी चाळीस दिवस धरली तरी हा हिशेब जुळणार नाही. पहिल्या आठवड्यात वजनाचा काटा दोन-तीन किलो खाली येतो हे खरे आहे आणि फसगत तेथेच होते. यकृतात व स्नायूंत साखरेचा जो साठा असतो, त्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असते. कर्बोदके थांबली की तो साठा संपतो आणि पाणी निघून जाते. लग्नाच्या पंगतीत एकदा बसले की तेच पाणी परत येते.

पहिला मुद्दा असा की कॅलरींचा काही संबंध नाही, वजन केवळ इन्सुलिनमुळे वाढते, म्हणून तूप "हवे तेवढे" चालते. याचे उत्तर एका चांगल्या प्रयोगाने दिले आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात क्रिस्टोफर गार्डनर यांच्या गटाने ६०९ जणांना दोन भागांत विभागून एकाला वर्षभर कमी स्निग्धांश आणि दुसऱ्याला कमी कर्बोदके असलेला आहार दिला. निष्कर्ष २०१८ मध्ये 'जामा' या नियतकालिकात आले. वर्षाअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलो आणि दुसऱ्याचे ६ किलो उतरले होते. हा फरक दखल घेण्याजोगा नव्हता. ज्यांच्या शरीरात इन्सुलिन अधिक स्रवते त्यांना कमी कर्बोदकांचा विशेष लाभ होईल, ही अपेक्षाही त्यात खरी ठरली नाही. कॅलरी मोजा असे कोणालाही सांगितले नव्हते. परंतु दोन्ही गटांना साखर आणि मैदा टाळा, भाज्या वाढवा असे सांगितले होते आणि दोन्ही गट रोज पाचशे-सहाशे कॅलरी आपोआप कमी खाऊ लागले. सरासरीच्या आड काहींचे वजन पंचवीस किलोंहून अधिक उतरले आणि काहींचे वाढलेही. अगदी कमी कर्बोदकांपासून सुरुवात केलेला गट वर्षाच्या शेवटी दिवसाला सुमारे १३० ग्रॅमवर स्थिरावला होता, म्हणजे पोळी त्यांनी कायमची सोडली नव्हती. शिवाय या प्रयोगात मधुमेह असलेल्यांना घेतलेच नव्हते. "स्टॅनफर्डने सिद्ध केले आहे" असे सांगत फिरणाऱ्यांनी एवढे तरी वाचावे.

तिसरा मुद्दा वाचून हसू आले: "ज्वारी-नाचणीत कार्ब नसते, भाकरी कितीही खा." ज्वारीच्या शंभर ग्रॅम पिठात सुमारे दोन तृतीयांश कर्बोदकेच असतात आणि गव्हाचे पीठ याहून फारसे वेगळे नाही.  संदेशाने गूळ आणि मध यांना दिलेल्या परवानगीबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. ती साखरच आहे.

येथे मात्र एक गोष्ट नाइलाजाने मान्य करावी लागते. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनुसार आपल्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते आणि प्रथिने फारच कमी पडतात. पोळीबरोबर बटाट्याची भाजी, वर भात, आणि उपवासाला साबुदाणा, अशी आपली रीत आहे. कर्बोदकांचा थोडा वाटा डाळी व दूधदुभत्याच्या प्रथिनांना दिल्यास मधुमेहाचा धोका कमी दिसतो, असे त्या पाहणीत आढळले. नुसता तांदूळ काढून गहू किंवा भरडधान्य आणल्याने तो कमी दिसला नाही. तेव्हा ताट बदलायला हवे हे संदेशाचे म्हणणे खरे आहे, पण ते तुपाच्या वाटीने बदलायचे नाही.

पूर्वज धान्य खात नव्हते, हा सहावा मुद्दा. पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांचे जव सापडले आहेत. पुढे जाऊ.

शेवटचा मुद्दा खाण्याच्या आनंदाचा आणि तेथे माझी तक्रार वेगळी आहे. संदेशात बदामाच्या पिठाची पोळी आणि किसलेल्या फ्लॉवरचा "भात" सुचवला आहे. आत्याने तो केला, त्यावर वरण ओतले आणि वरण तळाला जाऊन फ्लॉवर वर तरंगत राहिला. भाताची नक्कल करण्याची गरजच काय? भरली वांगी, दाण्याचे कूट घातलेली काकडीची कोशिंबीर, अंड्याची भुर्जी, सुकटीची चटणी, ताकातला पालक, तिखट कोंबडीचा रस्सा आणि सोलकढी, यांतले काहीच नव्याने शिकावे लागत नाही आणि यांत कर्बोदकेही बेताचीच आहेत. सोबत अर्धी भाकरी असली तर कोणाचे बिघडत नाही.

आत्याच्या डॉक्टरांनी ग्लिमेपिराइडचा डोस निम्मा केला, डापाग्लिफ्लोझिन चालू असेपर्यंत भाकरी पूर्ण बंद करायची नाही असे बजावले, आणि दोन्ही जेवणांत एकेक वाटी उसळ किंवा दही वाढवायला सांगितले. उरलेल्या फ्लॉवरच्या भाताचे तिने दुसऱ्या दिवशी भाजणी घालून थालीपीठ लावले.