गोणी उघडली आहे का म्हणणाऱ्या वाचकांस

नमस्कार,

ओपिनेल या फ्रेंच कंपनीच्या, रोज खिशात बाळगायच्या हलक्या मिटत्या चाकूवर मी लिहिलं, त्याखाली तुमची प्रतिक्रिया आली: "महाशय, 50 ग्रॅमच्या खेळण्याने सुतळी तरी तुटते का? आयुष्यात कधी गोणी उघडलीत का? मी 200 ग्रॅमचा वापरतो. कार्बन स्टील गंजतं, ओल्या हातातून लाकडी मूठ निसटते, आणि सोलापुरात चाकू घेऊन फिरायला सांगताना कायद्याची एक ओळ नाही."

मतभेदाला माझी ना नाही. पण हे 'महाशय' कशाला? आपली ओळखदेख नाही, मी तुम्हाला वाकडा शब्द बोललेलो नाही. चाकू पटला नाही तर तसं लिहायचं, माणसाची लायकी काढायची काय गरज होती?

गंजाचं मान्य. कांदा किंवा लिंबू चिरून तसाच मिटून ठेवला तर कार्बनच्या पात्यावर डाग धरतो. पुसावं, तेलाचं बोट फिरवावं. तेवढाही कंटाळा असेल तर ओपिनेल स्टेनलेसमध्येही मिळतो.

आता गोणी. मार्केट यार्डात आमच्या घरची कांद्याची अडत होती. शाळा सुटली की दप्तर गादीमागे टाकून मी तिथेच. डिसेंबर-जानेवारीत गाड्यांची रांग लागली की चालायला वाट नसायची. कधी गोणी उघडलीत का, हे तुम्ही मला विचारता! तिथे उभं राहून विचारलं असतंत तर हमालांनी नुसतं "काय बे" म्हणून तुमच्याकडे बघितलं असतं.

गोणी उघडताना जोर काढायचाच नसतो. कोपऱ्यातली गाठ कापायची आणि सुतळी टाक्याटाक्याने ओढून घ्यायची, म्हणजे ती परत शिवायला कामी येते. आमच्याकडच्या जुन्या माणसांच्या चंचीत अडकित्त्याशेजारी बोटाएवढा चाकू असायचा, त्यावर त्यांचं दिवसभराचं काम निघायचं. सुतळी कापते ती धार आणि धारेमागचं पातळ पातं. 8 नंबरच्या ओपिनेलचं पातं साडेआठ सेंटीमीटर लांब आणि जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर जाड. तुमच्या 200 ग्रॅमवाल्याचं पाठीकडे तीन-साडेतीन तरी असेल. त्याने डाळिंब कापून बघा. पाचर ठोकल्यासारखं फुटतं आणि दाणे शर्टावर. (शर्ट पांढरा असेल तर घरी काय ऐकावं लागतं ते वेगळंच.)

आणि ते वजन मे महिन्यात, 43 डिग्रीत, पातळ सुती पँटच्या खिशात घालून नवी पेठेतून एक चक्कर मारा. कापड मांडीवर लोंबतं, चालताना आपटतं. दोन आठवड्यांत तो चाकू कपाटात जातो. माझाही गेला होता, म्हणून तर हलक्यावर आलो.

मूठ निसटते म्हणे. 1955 पासून ओपिनेलला पात्याच्या मुळाशी कडं आहे, ते फिरवलं की हात घसरला तरी पातं बोटांवर मिटत नाही. पुरे.

कायद्याचं म्हणाल तर शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची भाषा आहे, तीही घरकामाची, शेतीची हत्यारं वगळून. पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली हत्यारं बाळगण्यावर बंदीचा आदेश निघाला की मी चाकू घरी ठेवतो. तुम्हीही ठेवत असालच, 200 ग्रॅमचा.

यापुढे लिहायचं असेल तर जरूर लिहा. महाशय वगळून.