रेकॉर्ड न काढलेला बँड आणि आपले बँजोवाले

गणपती जवळ आले की आमच्या शाळेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोच वाद पेटतो, ढोल-ताशा हीच खरी परंपरा, बँजो-कीबोर्ड म्हणजे नुसता धिंगाणा, असं म्हणणारे एकीकडे आणि त्या वाजवणाऱ्या पोरांची बाजू घेणारे दुसरीकडे. मी लॉस एंजेलिसला राहतो आणि हे वाचताना मला हमखास इथलाच द स्क्रीमर्स नावाचा पंक, म्हणजे धारदार, बंडखोर रॉक वाजवणारा बँड आठवतो.

गायक टोमाटा डू प्लेंटी आणि कीबोर्डवाला टॉमी गिअर सिअॅटलहून इथे आले, १९७७ मध्ये बँड उभा राहिला. पंक म्हणजे गिटार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं, आणि यांनी गिटार घेतलीच नाही! टॉमीकडे आर्प ओडिसी सिंथेसायझर, सोबत फेंडर रोड्स, म्हणजे जॅझवाले ज्यावर एवढं मऊ वाजवतात तो इलेक्ट्रिक पियानो, त्याला डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका करणारा इफेक्ट, लावून पार करवतीसारखा करून टाकलेला, मागे ड्रम्सवर के. के. बॅरेट. पंक बँडचे व्हिडिओ काढणाऱ्या टार्गेट व्हिडिओ या गटाचं १९७८ चं सॅन फ्रान्सिस्कोतलं शूटिंग बघा, टोमाटा नुसता गात नाही, डोळे फाडून बघतो, झटके आल्यासारखा अंग ताठ करतो, नजर हटत नाही त्याच्यावरून.

कंपनीचा करार नाही, बाजारात एक रेकॉर्ड नाही, तरी व्हिस्की अ गो गो आणि रॉक्सीसारखे इथले नावाजलेले क्लब हे लोक गर्दीने भरवायचे. मग डोक्यात बसलं की पुढचा जमाना व्हिडिओचा आहे, रेकॉर्ड कशाला काढायची. विचार काळाच्या पुढचा होता हे खरंच, पण दिग्दर्शक रेने डाल्डरबरोबर मोठे मल्टिमीडिया बेत रंगत गेले, स्टेजवरचे शो कमी होत गेले आणि १९८१ मध्ये बँड संपला. एकही अल्बम न काढता. मला याचं आजही वाईट वाटतं.

इकडे सगळं आपोआप जपलं जातं असं अजिबात नाही हां, त्या वेळच्या पंक बँडचा अड्डा असलेला मास्क नावाचा हॉलिवूडच्या तळघरातला क्लब फायरवाल्यांनी काही महिन्यांतच बंद पाडला होता. पण कुणीतरी कॅमेरा लावला, कुणीतरी डेमोच्या टेप कॉपी करत राहिलं, म्हणून २०२१ मध्ये १९७७ चे डेमो रीतसर रेकॉर्डवर आले, तेव्हा टोमाटाला जाऊन एकवीस वर्षं झाली होती.

आपल्याकडे लालबाग-परळमध्ये, कोकणात, बँजोच्या तारांना पिकअप, म्हणजे आवाज स्पीकरपर्यंत नेणारं यंत्र, लावून, कीबोर्ड जोडून ज्यांनी आपला वेगळाच आवाज तयार केला त्यांची नावं तरी आपल्याला माहितीयेत का? आवाजाच्या मर्यादेचं मला पटतं, म्हाताऱ्या माणसांना त्रास होतो, त्यावर नियम हवेतच. पण कर्कश वाजतं म्हणून ते संगीतच नाही हे मला मान्य नाही, आणि भांडणारे दोन्ही बाजूचे लोक रेकॉर्डिंगबद्दल चकार शब्द काढत नाहीत याचा मला जास्त राग येतो. यंदा मिरवणुकीत सेल्फी काढून झाला की फोन जरा त्या बँजोवाल्याच्या बोटांकडे वळवा, अख्खं गाणं घ्या, आणि पार्टीचं आणि वाजवणाऱ्याचं नाव विचारून खाली लिहा.