दोन गोणी युरिया आणि वर चार किलो

आमच्या घरात माझं वजन किलोत कोणी सांगत नाही. अमळनेरला आमचं कृषी सेवा केंद्र आहे. दुकानातल्या मोठ्या काट्यावर मी उभा राहिलो की आप्पा गल्ल्यावरून मान वर न करता विचारतात, "किती गोण्या?" युरियाची गोणी आधी ५० किलोची यायची. २०१८ मध्ये ती ४५ किलोची झाली आणि तोवर दोन गोण्यांच्या आत असलेला मी, ९४ किलोंचा माणूस, एका सरकारी निर्णयाने दोनाच्या वर गेलो. जेवण तेवढंच, बदनामी जास्त.

अशा देहाला साहसी खेळांची हौस असू शकते हे लोकांना पटत नाही. पण आहे बुवा. साल्हेर तीनदा चढून झाला. पाटणादेवीच्या जंगलात दर पावसाळ्यात चिखल तुडवून होतो. एकदा कामशेतला जाऊन पॅराग्लायडिंगही केलं. तिथल्या प्रशिक्षकाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग वाऱ्याच्या पिशवीकडे, मग आभाळाकडे, आणि हात जोडले. ते देवाला जोडले की मला, हे मी विचारलं नाही.

राहिली होती बंजी. म्हणजे पायाला रबरी दोर बांधून पुलावरून खाली. ऋषिकेशला ८३ मीटरची आहे, आणि न्यूझीलंडमध्ये क्वीन्सटाउनजवळ कावाराऊ नदीच्या पुलावरची ४३ मीटरची. बायको म्हणाली, "अर्ध्या उंचीसाठी दहापट खर्च?" पण मूळ ठाणं ते मूळ ठाणं. ए. जे. हॅकेट नावाच्या गड्याने १९८७ मध्ये पॅरिसच्या आयफेल टॉवरवरून उडी टाकली, त्याबद्दल पोलिसांनी धरलं, आणि पुढच्याच वर्षी त्याने या कावाराऊच्या पुलावर पैसे घेऊन लोकांना पाडायचा जगातला पहिला कायमचा धंदा सुरू केला. अटकेनंतर इतक्या लवकर दुकान टाकणारा माणूस मला व्यापारी म्हणूनही आवडला.

घरी सांगायचं कसं, हा प्रश्न होता. मी इतिहासापासून सुरुवात केली. म्हटलं, आप्पा, ही मूळची प्रशांत महासागरातल्या वानुआतूची रीत. तिथल्या पेंटेकोस्ट बेटावर आपल्या कोनफळासारखा कंद पिकतो. ते पीक चांगलं यावं म्हणून तिथले पुरुष लाकडी मनोऱ्यावर चढतात, घोट्याला वेली बांधतात आणि खाली उड्या घेतात.

आप्पांनी चष्मा काढला. पहिल्यांदाच माझ्या हौसेत त्यांना काही अर्थ दिसला असावा.

"मग बियाणं कोणतं वापरतात?"

मी म्हटलं, आप्पा, मी पिकासाठी नाही जात. मी पैसे देऊन उडी मारणार आहे. दोनशे डॉलरच्या वर पडतात. आपले दहा हजारांच्या पुढे. आप्पांनी मनातल्या मनात त्याचा दीड क्विंटल कापूस केला, तो त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. ते रागावले की अहिराणीवर येतात.

"पैसा दिसन उडी मारस? आपली हिर फुकट शे!"

यात तथ्य होतं. शेतातल्या आमच्या विहिरीत आप्पा पोरवयात मोटेच्या थारोळ्यावरून सूर मारायचे, तेही दोराशिवाय आणि पावतीशिवाय. आईचा प्रश्न मात्र अगदी तांत्रिक होता.

"दोर कोणाचा?"

"त्यांचाच."

"म्हणजे आपला नाही. घरचा ने ना."

पुढच्या मंगळवारी तिने मंगळग्रह मंदिरात माझ्या नावाने अभिषेक केला आणि पावती पासपोर्टात ठेवून दिली. ही पावती पुढे तीन विमानतळांवर तीन अधिकाऱ्यांनी उलटसुलट करून पाहिली.

विम्याचं वेगळंच. आमच्या नात्यातलेच एक भाऊ विम्याचं काम करतात. प्रवासाच्या पॉलिसीचे कागद पुढे ठेवून ते तासभर बोलले. सामान हरवलं तर पैसे, विमान चुकलं तर पैसे, दाढ दुखली तरी पैसे. मी म्हटलं, भाऊ, मी पुलावरून उडी मारणार आहे. त्यांनी झाकण उघडलेला पेन पुन्हा बंद केला.

"कसं आहे दादा, पाय घसरून पडले तर मिळतं. स्वतःहून पडले तर नाही."

"मग घसरलो म्हणून सांगू?"

"पायाला दोर बांधून घसरले?"

निरुत्तर झालो. साहसी खेळांची वेगळी पॉलिसी असते, ती शेवटी घेतली. पण तोवर वाचून वाचून मला एक नवीन गोष्ट कळली होती. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून अशी सरकारी योजना आहे की तिथे अपघातात जो कोणी जखमी होईल, मग तो पाहुणा का असेना, चूक कोणाची हे न विचारता त्याच्या उपचाराचा भार योजना उचलते. बदल्यात जखमी माणसाने भरपाईसाठी कोणाला कोर्टात खेचायचं नाही. म्हणजे लोकांना डोंगरावरून, पुलावरून, विमानातून ढकलायचे इतके धंदे त्या एवढ्याशा देशात कसे उभे राहिले, त्याचं निम्मं उत्तर यात आहे. हे मी भाऊंना उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "लंगडत परत यायचं तिकीट देतात का?" ते नाही देत. तेवढ्यावर भाऊंचं कमिशन वाचलं.

मग सामान. परदेशी जाणाऱ्या खानदेशी माणसाच्या बॅगेत कपडे हे डब्यांमधल्या फटी बुजवायला असतात. कळण्याचं पीठ, बिबडे, केळीचे वेफर्स, शेवभाजीची शेव, मेथीचे लाडू, कच्च्या शेंगा, खोकला झाला तर म्हणून मधाची बाटली, आणि एका बरणीत वर्षाचा काळा मसाला. "तिकडे काय मिळणार? मेंढ्या आणि गवत," असं आईचं न्यूझीलंडबद्दलचं ज्ञान होतं, आणि ते फार चुकीचं नव्हतं. या सगळ्यावर माझे ट्रेकिंगचे बूट. पाटणादेवीहून आल्यावर ते धुवायचे राहिले होते. खानदेशची काळी माती एकदा चिकटली की बूट झिजतो, माती नाही.

आता न्यूझीलंड हा असा देश आहे की तिथे विमानतळावर पिस्तुलापेक्षा पेरूला जास्त घाबरतात. बाहेरची कीड, बाहेरचं बी, बाहेरची माती आत येऊ नये म्हणून उतरण्याआधी सगळं कबूल करून टाकायचं. लपवलं आणि सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. त्या फॉर्ममधला एक प्रश्न असा होता: गेल्या ३० दिवसांत तुम्ही रानावनात गेला होतात का, शेतीच्या ठिकाणी गेला होतात का, जनावरांशी संबंध आला का? पाळीव कुत्री-मांजरं सोडून.

विमानात मी हा प्रश्न चार वेळा वाचला. दहा दिवसांपूर्वी पोळा झाला होता. बैल मी धुतले होते, शिंगं मी रंगवली होती, पुरणपोळी मी माझ्या हाताने भरवली होती आणि थोरल्या बैलाने माझं मनगट कोपरापर्यंत चाटलं होतं. दुकान बियाण्यांचं. त्याआधी जंगल. उत्तराला जागा हो किंवा नाही एवढीच होती. मला पुरवणी हवी होती.

ऑकलंडला उतरलो. एक बीगल कुत्रा आला, माझी बॅग हुंगली आणि शांतपणे बसला. नुसता बसला. आमच्या गल्लीतला असता तर भुंकून मोकळा झाला असता. हा असा बसला की आजूबाजूच्या लोकांनी माझ्यापासून चार पावलं अंतर धरलं. मला तो काळ्या मसाल्याचा सन्मान वाटला होता. नियम वेगळा निघाला: वास लागला की या कुत्र्याने भुंकायचं नाही, नुसतं बसायचं.

टेबलावर एका बाईंनी डबे उघडायला घेतले. बाई अतिशय सभ्य. प्रत्येक डब्याला "हे काय आहे?" आणि मी प्रत्येक डब्याला उत्तर देताना अधिकाधिक संशयास्पद होत गेलो. कळण्याचं पीठ म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेले, हे इंग्रजीत सांगताना ते स्फोटकाचं मिश्रण वाटतं. बिबडे त्यांनी उजेडासमोर धरून पाहिले. मध पाहिल्याबरोबर मात्र चेहरा बदलला. मधमाश्यांच्या बाबतीत हा देश कोणाचं ऐकत नाही. मध गेला. शेंगा गेल्या.

मग बूट निघाले.

"ही माती कुठली?"

"घरची," मी म्हटलं. जिव्हाळ्याने म्हटलं, पण त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

तेवढ्यात जॅकेटच्या खिशातून दोन सरक्या घरंगळत टेबलावर आल्या. मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या दुकानात कपाशीचं बी खिशात, चपलेत, क्वचित चहातही सापडतं. बाईंनी ते चिमट्याने उचललं.

"तुमचा व्यवसाय?"

"बियाणे विक्री."

बाईंनी वरिष्ठांना बोलावलं.

अर्धा तास गेला. मी फॉर्ममध्ये सगळं आधीच 'हो' म्हटलं होतं म्हणून दंड वाचला. सरक्या गेल्या, आणि बूट कोणीतरी आत नेले. परत आणले तेव्हा ओळखू येईनात. तळव्यावर कंपनीचं नाव आहे हे मला सहा वर्षांत पहिल्यांदा दिसलं. परक्या मुलखातल्या सरकारने माझे बूट घासून धुऊन दिले, आणि वर आभार मानले. आमच्याकडे सातबाऱ्याचा उतारा देतानासुद्धा कोणी इतकं गोड हसत नाही.

रात्री साडेतीनला आईचा फोन. तिच्याकडे नऊ वाजले होते. "मसाला पोचला का?" पोचला म्हटलं. मी पोचलो का, हे तिने त्यानंतर विचारलं.

पुलावरचं काम मात्र चटपट. आधी वजन. काट्यावर उभा राहिलो आणि सवयीने मान वर केली, कोणी "किती गोण्या?" विचारतंय का. तिथल्या पोराने निर्विकारपणे माझ्या हातावर लाल मार्करने ९४ लिहिलं. हा आकडा शोभेसाठी नसतो. त्यावरून दोर कोणता ते ठरतं. हलक्याला जाड दोर दिला तर तो ताणतच नाही, जडाला बारीक दिला तर नको तेवढा ताणतो. आयुष्यात पहिल्यांदा माझं वजन कोणीतरी गांभीर्याने घेतलं. एका परदेशी बाईंच्या हातावर ५१ होतं. त्या माझ्या हाताकडे बघून हसल्या, मी त्यांच्या. दोघांनाही समोरच्याचा दोर जास्त भरवशाचा वाटत होता.

घोट्यांना टॉवेल गुंडाळला, त्यावर पट्टे आवळले. म्हशीला दावं बांधताना तिला काय वाटत असेल ते कळलं. मग त्याने विचारलं, "पाण्याला स्पर्श करायचाय?" मी म्हटलं, थोडासा. आमच्याकडे 'थोडासा' म्हणजे बोटं भिजण्यापुरता. पायांना बेडी पडल्यावर चालता येत नाही, उड्या मारत फळीच्या टोकापर्यंत जावं लागतं. खाली हिरवीनिळी नदी. पलीकडच्या गॅलरीत बघ्यांची गर्दी. मागून पाच, चार, तीन सुरू झालं, आणि माझ्या डोक्यात एकच विचार: दुकानाच्या मागच्या दाराची कडी मी लावली होती का?

खाली जायला जेमतेम तीन सेकंद लागतात. त्यांचं वर्णन करायला हवं, पण माझ्याकडे त्या तीन सेकंदांचा काही हिशेब नाही. पाणी एवढं आठवतं. कमरेपर्यंत आत गेलो, डोक्याकडून मोजलं तर. सप्टेंबरातलं ते पाणी म्हणजे आमच्याकडे पाणपोईवर बर्फ टाकतात ना, तो संपूर्ण बर्फ आणि मधे मी. मग वर, खाली, पुन्हा वर, आणि शेवटी ओल्या बनियनसारखा लटकत. खालच्या रबरी बोटीतून दोघांनी बांबूएवढा दांडा वर केला, तो धरला, त्यांनी मला आत ओढून घेतलं. दोघेही मजबूत गडी, पण बोट एका बाजूला कललीच.

त्यानंतर नदीपासून वर यायचा चढ. याबद्दल माहितीपत्रकात फारसं काही नसतं. धापा टाकत गॅलरीपाशी पोचलो तर कानटोपी आणि त्यावर मफलर अशा थाटातले एक काका वाटच बघत होते. मागे त्यांची सगळी सहल. काका शिरपूरचे निघाले.

"काय भो, कोनता गावना?"

मी थक्क. म्हटलं, ओळखलं कसं?

"पडतांना 'ओ माय वं' आपलाच माणूस म्हणस."

मी ओरडलो होतो, हे मला तेव्हा कळलं. काकांनी पाठ थोपटली, हात ओला झाला म्हणून मफलरला पुसला आणि हळूच विचारलं, "कितला लागनात?" आकडा सांगितला. त्यांचाही दीड क्विंटल कापूस झाला, मला दिसला.

परत आल्यावर आठ दिवस व्हिडिओ गावभर फिरला. चहाच्या टपरीवर लोकांनी तो आवाज बंद करून, आवाज वाढवून, उलटा लावून पाहिला. उलटा लावला की मी नदीतून निघून पुलावर जाऊन उभा राहतो. तो जास्त लोकप्रिय झाला. आप्पांनी एकदाच पाहिला, एक शब्द बोलले नाहीत. मला वाटलं, थोडा तरी अभिमान वाटला असेल.

नवव्या दिवशी सकाळी मला शेतात बोलावणं आलं. विहिरीवरची मोटार पाणी ओढेना. फुटबॉल अडकला होता. फुटबॉल म्हणजे पाइपाच्या तळाचा व्हॉल्व्ह. आमच्याकडे त्याला कोणी दुसरं काही म्हणत नाही. पावसाने विहीर तुडुंब होती, पाणी हिरवं आणि कपारीत काहीतरी हललं. काठावर शेजारचे चौघे आधीच येऊन बसलेले.

"आप्पा, माणूस बोलावू ना त्या कामाचा."

"परदेशात जाऊन शिकून आलेला माणूस घरात असताना?"

मी खाली वाकून पाहिलं. इथे काटा नव्हता, मार्कर नव्हता, बोट नव्हती. म्हटलं, निदान दोर? आप्पांनी झाडाखाली बोट दाखवलं. तिथे वेटोळं घालून ठेवलेला, नारळाच्या काथ्याचा, चांगला मनगटाएवढा दोर होता. आईने सकाळीच माळ्यावरून काढून पाठवला होता. घरचा.

मी बूट काढले. आप्पा काठावर नीट मांडी घालून बसले.

"पाचपासून मोजू का?"