सारायेवोचा शेजार

व्हिएन्नात शिकायला आल्यापासून बोस्नियाची राजधानी सारायेवो बघायचं मनात होतं. परवाच्या सुट्टीत रात्रभर बसमध्ये अवघडून एकदाची पोचले. बाश्चार्शिया या जुन्या बाजारात १५३१ची गाझी हुस्रेव बेग मशीद, जवळच सोळाव्या शतकातलं ज्यूंचं सिनेगॉग, जुनं ऑर्थोडॉक्स चर्च, आणि पुढे फेर्हादिया रस्त्याला लागून १८८९चं कॅथलिक कॅथेड्रल. दुपारी बांग आणि घंटा एकापाठोपाठ ऐकल्या, अंगावर काटा आला. घरच्या ग्रुपवर फोटो टाकले. आत्याने लिहिलं, "आपल्याकडेही असंच आहे की!"

खोली दिलेल्या आजींनी जेझ्वा या तांब्याच्या छोट्या भांड्यातली कॉफी पुढे ठेवत एक शब्द शिकवला: कोम्शिलुक. आपला शेजारधर्मच. ईदला त्यांच्याकडून खालच्या सर्ब, म्हणजे ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन कुटुंबाकडे बकलावा जायचा, ईस्टरला तिकडून रंगवलेली अंडी यायची. ते कुटुंब १९९२मध्ये गेलं, ते परतलंच नाही.

एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, बोस्नियाच्या युद्धात १,४२५ दिवस या शहराला बोस्नियन सर्ब फौजांचा वेढा होता. तो सुरू झाल्याला वीस वर्षं झाली तेव्हा, २०१२मध्ये, मुख्य रस्त्यावर ११,५४१ रिकाम्या लाल खुर्च्या मांडल्या होत्या, मेलेल्या प्रत्येकासाठी एक. १९९१च्या जनगणनेत इथे जवळजवळ निम्मे मुसलमान आणि तीस टक्क्यांच्या आसपास सर्ब होते. २०१३मध्ये सारायेवो कँटनमध्ये, म्हणजे शहर आणि आसपासच्या प्रशासकीय विभागात, बोस्नियाक (इथले मुसलमान) ऐंशी टक्क्यांहून जास्त, सर्ब तीन टक्के. मधल्या काळात हद्दी बदलल्या, हे खरं. पण चर्च जागेवर आहे आणि त्यात जाणारे शेजारी फारसे उरले नाहीत. मी फोटो काढले ते इमारतींचे.

त्याच आठवड्यात ग्रुपवर दादाच्या घराचा वाद पेटला होता. मुंबईत भाड्याने जागा बघताना "नॉनव्हेज खाता का?" विचारून दोन सोसायट्यांनी त्याला नकार दिला. कुणी म्हणालं, मराठी माणसांसाठी घरं राखीव ठेवा. काका म्हणाले, सोसायटी ज्यांची, त्यांनी ठरवावं. त्यांनी २००५चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही दिला; अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीला फक्त पारशीच सभासद घेण्याची मुभा त्यात कायम राहिली. निकाल आहे, मान्य. तरी मला ते पटत नाही.

गेल्या वर्षी व्हिएन्नात एका घरमालकाने "मसाल्यांचा वास" म्हणून मला खोली नाकारली, तेव्हा हाच ग्रुप त्याच्यावर तुटून पडला होता. मी त्या रात्री खूप रडले होते. दादाला तेच ऐकावं लागलं आणि आपण नियम शोधत बसलो.

सोसायटीची पाटी म्हणजे वेढा नव्हे, मुंबई म्हणजे सारायेवो नव्हे. पण एका जिन्यावर वेगवेगळ्या घरांतल्या फोडण्यांचा वास येणं, ताटं इकडून तिकडे जाणं, हे आपण स्वतःहून, कुणी बंदूक न रोखता बंद करतोय, याचं मला फार वाईट वाटतं.

काका, तुमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे ना? तुमच्याकडचीही खाण्याची अट काढायचा ठराव तुम्हीच मांडा. मी इथून फोनवर थांबते.